टोपी, जेल आणि काही मिलिसेकंद: ऑटिस्टिक प्रौढांसोबत ईईजी करताना

चेहरा दिसल्यावर साधारण १७० मिलिसेकंदांनी डोक्याच्या मागच्या बाजूला, कानांच्या वरच्या पट्ट्यात, ईईजीमध्ये, म्हणजे टाळूवरून मोजलेल्या मेंदूच्या विद्युत संकेतांत, एक ऋण लाट येते. उजवीकडे ती बहुधा मोठी असते. तिचं नाव एन-१७०. ऑटिस्टिक प्रौढांना भावना दाखवणाऱ्या चेहऱ्यांचे फोटो दाखवून मी ती मोजते आणि कोणती भावना दिसली हेही विचारते. ऑटिस्टिक लोकांत ही लाट सरासरीने जरा उशिरा येते, असं बऱ्याच अभ्यासांत दिसलंय. जरा म्हणजे काही मिलिसेकंद. आता ६० हर्ट्झचा पडदा घ्या: त्याला एक चित्र बदलायलाच १६.७ मिलिसेकंद लागतात. म्हणजे आपण जे मोजायला निघालो, त्यापेक्षा आपल्या उपकरणाची चूक मोठी असू शकते. माझी निम्मी मेहनत तिथेच जाते.

उरलेली निम्मी इलेक्ट्रोडची टोपी चढवण्यात. खोलीचे, टोपीचे, जेलच्या सिरिंजचे फोटो आणि वेळापत्रक मी आठवडाभर आधी पाठवते. केस धुतलेले, तेल-कंडिशनरशिवाय. डोक्याचा घेर मोजून टोपी निवडायची; नाकाच्या मुळापासून मागच्या हाडाच्या उंचवट्यापर्यंत आणि एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत टेप लावून दोन्हींच्या मध्यावर सीझेड, म्हणजे टोपीचा मधला इलेक्ट्रोड, बसवायचा. चौसष्ट इलेक्ट्रोडखाली जेल भरायला पाऊण तास सहज जातो. बऱ्याच ऑटिस्टिक व्यक्तींना ठाम दाबापेक्षा हलका, निसटता स्पर्श जास्त त्रासदायक वाटतो. म्हणून प्रत्येक वेळी आधी सांगून, बोट नीट टेकवून मग सिरिंज. जेलही थंडगार नको.

क्रम महत्त्वाचा. आधी ग्राउंड आणि रेफरन्स (ज्याच्या तुलनेत बाकीचे मोजतात तो), मग एन-१७० जिथे येते त्या जागांचे पी-७, पी-८, पीओ-७, पीओ-८, मग डोळ्यांभोवतीचे, बाकी सगळे नंतर. मध्येच कुणी 'आता पुरे' म्हणालं तरी हवा तो भाग हातात असतो. साध्या इलेक्ट्रोडना इम्पिडन्स, म्हणजे त्वचेशी जोडणीतला विद्युत अडथळा, ५ किलोओहमखाली आणायचा. अ‍ॅक्टिव्ह, म्हणजे संकेत जागच्या जागी वाढवणारे, इलेक्ट्रोड असतील तर २०पर्यंत चालतो आणि टाळू खरवडत बसावं लागत नाही. इथे मी बिनदिक्कत अ‍ॅक्टिव्ह निवडते. जेल जास्त झालं की शेजारचे दोन इलेक्ट्रोड एकमेकांना जोडले जातात आणि दोन्हींवर हुबेहूब एकच रेघ उमटते. अशा जुळ्या रेघा दिसल्या की पुसून पुन्हा भरा, नंतर गणिताने ते सुटत नाही.

सहा भावना आणि एक निर्विकार चेहरा, प्रत्येकी ६० फोटो, म्हणजे ४२० फेऱ्या. एका फेरीला साडेतीन सेकंद धरले तर विश्रांती सोडून साडेचोवीस मिनिटं होतात. सरासरीतला नॉइज, म्हणजे लाटेत मिसळलेली खरखर, फेऱ्यांच्या वर्गमुळाच्या प्रमाणात घटतो, म्हणून तो निम्मा करायला फेऱ्या चौपट लागतात. भावनांची संख्या कमी करून फेऱ्या वाढवाव्यात, असं माझं मत. भीती, आनंद आणि निर्विकार एवढे तीन प्रकार प्रत्येकी ८० फेऱ्यांनी १४ मिनिटांत होतात, आणि थकलेल्या मेंदूची अल्फा लय सगळ्यावर पसरायच्या आत काम उरकतं.

फोटोच्या आधी येणारी, नजर टेकवायची फुली (+) कुठे आहे, हे फार लोक बघत नाहीत. फोटो पडद्याच्या मधोमध ठेवला तर फुली नाकावर येते. नजर डोळ्यांपाशी असताना एन-१७० मोठी येते. ती खाली असेल तर लहान. ऑटिस्टिक व्यक्तीची नजर डोळ्यांवर कमी टिकत असेल, तर तुम्ही नजरेतला फरक मोजाल आणि त्याला मेंदूतला फरक म्हणाल. फोटो असा सरकवा की फुली दोन डोळ्यांच्या मध्ये येईल; जमल्यास नजर टिपणारा आय-ट्रॅकरही लावा.

सूचना शब्दशः घेतल्या जातात, हे गृहीत धरून लिहाव्यात. 'पापण्या मिटू नका' म्हटलं की डोळ्यांतून पाणी येईपर्यंत मिटत नाहीत, आणि सगळं लक्ष त्यातच. त्याऐवजी उत्तरानंतर एक सेकंदाची मोकळी जागा द्या: 'इथे मिटा'. 'हा माणूस नाटक करतोय, मग उत्तर भीती द्यायचं की नाटक?' हा सहभागींचा प्रश्न रास्त आहे. 'फोटोतल्या व्यक्तीला कोणती भावना दाखवायला सांगितलं असेल?' असं विचारलं की गोंधळ मिटतो. उत्तराची बटणं चेहरा गेल्यावरच येऊ द्या, नाहीतर हाताच्या हालचालीचे संकेत मध्ये घुसतात.

आता ते मिलिसेकंद. पडद्याच्या कोपऱ्यात फोटोसोबत एक पांढरा चौकोन उमटवायचा आणि त्यावर फोटोडायोड (प्रकाश टिपणारा सेन्सर) चिकटवून ट्रिगरशी, म्हणजे संगणकाने ईईजीत टाकलेल्या वेळेच्या खुणेशी, ताडून बघायचं. उशीर दर वेळी तेवढाच असेल तर वजा करता येतो. तो कमी-जास्त होत असेल तर सरासरीत लाट बुटकी आणि पसरट होते, आणि वाचणारा समजतो की प्रतिसादच कमजोर आहे. चालढकल न करता प्रत्येक नव्या संगणकावर, प्रत्येक अपडेटनंतर हे तपासा.

विश्लेषणात ०.१ ते ३० हर्ट्झचा फिल्टर, फोटोआधीच्या २०० मिलिसेकंदांपासून नंतरच्या ८०० पर्यंतचा तुकडा, आयसीएने (मिसळलेले संकेत वेगळे करणाऱ्या गणिताने) पापण्यांचे संकेत काढणं, ±१०० मायक्रोव्होल्टबाहेरचं वगळणं, सगळ्या इलेक्ट्रोडच्या सरासरीचा रेफरन्स. मॅस्टॉइड (कानामागच्या हाडावरचा) रेफरन्स टाळा. ती जागा एन-१७०च्या इतकी जवळ आहे की लाट स्वतःलाच खाते. एका गटाच्या स्वच्छ फेऱ्या कमी उरल्या तर त्यांचं शिखर निव्वळ नॉइजमुळे उंच दिसतं. म्हणून उंचीसाठी शिखराऐवजी ठरावीक वेळेच्या खिडकीतली सरासरी घ्या.

टीएएस-२० ही प्रश्नावली विसरू नका. वीस विधानं, ६१ किंवा जास्त गुण म्हणजे अ‍ॅलेक्सिथायमिया, अर्थात स्वतःच्या भावना ओळखायला आणि शब्दांत मांडायला अडचण. ऑटिस्टिक लोकांपैकी साधारण निम्म्यांत ती आढळते, इतरांत सुमारे ५ टक्क्यांत. हे मोजलं नाही तर तिचं खापर ऑटिझमवर फुटतं. मेंदूला चेहरा कळलेला असतो आणि अडखळतं ते पुढे, या शक्यतेला २०२२ सालच्या एका अभ्यासाने बळ दिलं: ऑटिस्टिक सहभागींच्या ईईजीवरून संगणकाला भावना चांगल्या ओळखता आल्या, त्यांची स्वतःची उत्तरं मात्र तितकी बरोबर नव्हती.

शेवटी जेल कोमट पाण्याने धुताना एक प्रश्न हमखास येतो: 'माझी लाट उशिरा आली का?' दोन्ही गटांतल्या व्यक्तींचे आकडे एकमेकांवर इतके चढलेले असतात की एकट्याच्या आलेखावरून तो कोणत्या गटातला हे सांगता येत नाही. मी तेच उत्तर देते आणि हवा असेल तर आलेख छापून देते.