आयटीआयच्या जोरावर कॅड ड्राफ्टिंगमध्ये पुढे सरकताना: माझा अनुभव

दहावीनंतर मी आयटीआयला ड्राफ्ट्समन मेकॅनिकल हा २ वर्षांचा ट्रेड केला आणि मग शिरोली एमआयडीसीत अप्रेंटिसशिप. सर्टिफिकेट हातात आल्यावर नोकरी लागली. इंजिनिअर मंडळी कॅडमध्ये, म्हणजे कॉम्प्युटरवर, थ्रीडी मॉडेल करायची, मी त्याचे व्ह्यू (समोरून, वरून, बाजूने दिसणारी चित्रं) काढायचे, मापं टाकायचे, टायटल ब्लॉक (ड्रॉइंगच्या कोपऱ्यातली माहितीची चौकट) भरायचा आणि प्रिंट द्यायची. पगार जेमतेम. दुसरीकडे अर्ज करावा तर जाहिरातीत पहिलीच अट 'डिप्लोमा किंवा बीई मेकॅनिकल'. फोनच यायचे नाहीत.

ज्याला विचारावं तो एकच सल्ला द्यायचा: आणखी एक सॉफ्टवेअर शिकून घे. ऑटोकॅड आणि सॉलिडवर्क्स येतंय ना, मग आता क्रिओ कर, कॅटिया कर. क्लासची फी भरण्याआधी मी थोडा विचार केला. एक पॅकेज नीट हातात बसलं असेल तर दुसऱ्याच्या कमांड कामावर रुजू झाल्यावरही शिकता येतात. माझं अडत होतं ते वेगळ्याच ठिकाणी. मी काढलेलं ड्रॉइंग पुढे कुणाच्या हातात जातं आणि तो त्याचं काय करतो, हे मला फक्त ऐकून माहीत होतं.

या बाबतीत कोल्हापुरात असण्याचा फार फायदा झाला. शिरोली, गोकुळ शिरगाव, कागल, सगळीकडे फाउंड्री (धातू ओतायचे कारखाने) आणि मशीन शॉप. आमच्या कंपनीचे पॅटर्न, म्हणजे वाळूत ठसा उमटवून साचा करायचे नमुने, ज्यांच्याकडे व्हायचे त्या मिस्त्रीमामांकडे मी सुपरवायझर साहेबांच्या ओळखीने शिफ्ट सुटल्यावर जाऊन बसायला लागले. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्या हातात एक स्टीलची पट्टी दिली आणि नेहमीच्या पट्टीशेजारी लावून बघायला सांगितली. तिच्यावरचा प्रत्येक मिलिमीटर जरा मोठा होता. ओतलेलं लोखंड थंड होताना आकसतं, म्हणून पॅटर्न आधीच वाढवून करावा लागतो. ग्रे आयर्नला साधारण १ टक्का, म्हणजे ३०० मिमीच्या भागाचा पॅटर्न ३०३ मिमीचा. स्टीलला जवळपास दुप्पट. हे पुस्तकात वाचलेलं होतं, पण ती पट्टी हातात धरल्यावर ते डोक्यात पक्कं बसलं.

मग मामांनी आमच्याच एका ब्रॅकेटचं ड्रॉइंग समोर पसरलं आणि रिबच्या (मजबुतीसाठी दिलेल्या पातळ भिंतीच्या) आतल्या कोपऱ्यावर बोट ठेवलं. "ताई, ह्यो कोपरा येवढा टोकदार दिलाय न्हवं, हितं वाळू टिकत न्हाई बघ." कास्टिंगचा (ओतून केलेल्या भागाचा) आतला कोपरा म्हणजे साच्यात वाळूचं बाहेर आलेलं टोक. धातू आत येताना ते टोक तुटतं आणि वाळू कास्टिंगमध्ये अडकते. तिथे रेडियस दिला की प्रश्न मिटतो. पार्टिंग लाइन (साच्याचे दोन भाग जुळतात ती रेघ) कुठे येणार, पॅटर्न वाळूतून सुटावा म्हणून उभ्या भिंतींना ड्राफ्ट (उतार) किती, कोअर (आतली पोकळी राखणारा वाळूचा गाभा) कशावर टेकणार, मशीनिंगसाठी (कापून नेमक्या मापावर आणण्यासाठी) किती माल जादा ठेवायचा, हे सगळं मी तिथे उभं राहून शिकले. तेव्हापासून कास्टिंगचं ड्रॉइंग वेगळं आणि मशीनिंगचं वेगळं, हा माझा नियम झाला.

तसंच व्हीएमसीवरच्या (कॉम्प्युटरने चालणाऱ्या उभ्या मिलिंग मशीनवरच्या) दादांकडून. त्यांचा एकच प्रश्न असायचा: पहिल्या सेटअपला जॉब कुठे टेकवू? ड्रॉइंगमधला डेटम (मापं जिथून मोजायची तो आधार) आणि मशीनवरची टेकण एक नसेल तर माप कितीही सुबक लिहा, त्याला अर्थ राहत नाही. साखळीने, म्हणजे एकाला जोडून दुसरं अशी, मापं देण्याचा धोकाही तिथेच दिसला. एका ओळीत ५ होल, प्रत्येक दोन होलमधल्या अंतराला ±०.१, पहिल्या आणि शेवटच्या होलमधला फरक ±०.४ पर्यंत जाऊ शकतो. तीच मापं एका डेटमपासून दिली की ही बेरीज होत नाही.

टॉलरन्सचा, म्हणजे मापात किती फरक चालतो याचा, अभ्यास मात्र मी घरी, वही घेऊन केला. ६२०५ नंबरचं बेअरिंग घ्या. बाहेरचा व्यास ५२ मिमी. हाउसिंगला (बेअरिंग ज्यात बसतं त्या भागाला) एच७ हा टॉलरन्स वर्ग दिला की बोअर (आतलं भोक) ५२.००० ते ५२.०३० मध्ये हवा. कुणी तिथे नुसतं ५२ लिहिलं आणि टायटल ब्लॉकमध्ये आयएसओ २७६८ या सर्वसाधारण टॉलरन्सच्या मानकाचा मीडियम वर्ग असेल, तर ±०.३ ची मुभा मिळते आणि बेअरिंग एकतर बसणारच नाही, नाहीतर आत खुळखुळेल. स्क्रीनवर दोन्ही बोअर सारखेच दिसतात, म्हणून मला हा विषय इतका जिव्हाळ्याचा वाटतो. जीडी अँड टीसाठी (आकार आणि जागेचे टॉलरन्स चिन्हांनी लिहिण्याच्या पद्धतीसाठी) एएसएमई वाय१४.५ या अमेरिकन मानकाची चिन्हं एकेक करून समजून घेतली. जुन्या ड्रॉइंगवर दिसणारी कॉन्सेंट्रिसिटी (समकेंद्रता) आणि सिमेट्री (सममिती) ही चिन्हं २०१८ च्या आवृत्तीतून काढून टाकली आहेत, हेही तेव्हाच कळलं. अमेरिकन गिऱ्हाइकांचं काम घेणाऱ्या युनिटमध्ये थर्ड अँगल (कागदावर व्ह्यू मांडण्याची तिकडची पद्धत) वाचता आलंच पाहिजे. आपल्याकडे शिकवतात ते फर्स्ट अँगल.

आता हे येतं, हे दाखवायचं कसं? कंपनीची ड्रॉइंग बाहेर नेणं चुकीचं आणि ती मुलाखतीत दाखवणं त्याहून वाईट. समोरचा माणूस लगेच ओळखतो की उद्या ही आपलीही नेईल. मी भंगार बाजारातून एक जुना मोनोब्लॉक (मोटर आणि पंप एकत्र असलेला) पंप आणला, खोलला, धुतला आणि व्हर्निअर, रेडियस गेज, थ्रेड पिच गेज घेऊन मोजला. मॉडेल फ्रीकॅडमध्ये केलं, ते फुकट आहे आणि कायदेशीर आहे. क्रॅक केलेलं सॉफ्टवेअर वापरून पोर्टफोलिओ करू नका, असं मी कळकळीने सांगेन. केसिंगचं कास्टिंग ड्रॉइंग, त्याचंच मशीनिंग ड्रॉइंग, शाफ्टचं फिट (दोन भाग किती घट्ट बसतात ते) आणि कीवेसह (चावी बसायच्या खाचेसह), इम्पेलर (पाणी फेकणारं पात्यांचं चाक), आणि शेवटी बलून (भागांचे क्रमांक) व बीओएमसह (भागांच्या यादीसह) असेंब्ली. प्रत्येक शीटच्या मागे दोन-चार ओळी: हा डेटम का धरला, हा फिट का दिला.

नव्या नोकरीचा फोन कुठल्या पोर्टलवरून आला नाही. ज्यांच्या मशीनशेजारी मी उभी राहायचे त्या दादांनीच कागलच्या एका मशीन शॉपमध्ये नाव सुचवलं. मी ए३ प्रिंट घेऊन गेले. तिथल्या साहेबांनी पदवीचं विचारलं, मग प्रिंट उलगडल्या आणि पंपाच्या केसिंगवर अर्धा तास बोलले. नंतर एक फ्लँज आणि व्हर्निअर समोर ठेवून हाताने स्केच काढायला लावलं. बोल्ट होलच्या पीसीडीचं (होलच्या मध्यांतून जाणाऱ्या वर्तुळाच्या व्यासाचं) माप मी कसं काढते हे ते बघत होते: समोरासमोरच्या दोन होलचं आतलं अंतर घेऊन त्यात एका होलचा व्यास मिळवायचा. तिथेच काम मिळालं, पगारही बरा वाढला, आणि आता फिक्स्चरची (मशीनवर जॉब धरून ठेवणाऱ्या साधनांची) डिटेल ड्रॉइंग माझ्याकडे असतात.

सगळी दारं मात्र उघडलेली नाहीत. पुण्यातल्या मोठ्या डिझाइन सेंटरमध्ये अर्ज केला तर आजही पहिल्या चाळणीतच बाजूला पडतो. आयटीआयवाल्यांना पॉलिटेक्निकच्या थेट दुसऱ्या वर्षाला प्रवेश मिळतो. ज्यांना घरून आधार आहे त्यांनी तो लवकर घ्यावा असं माझं स्पष्ट मत आहे, कारण नंतर घरखर्च अंगावर आला की दिवसभराचं कॉलेज जमत नाही. माझं तेच झालं आहे. धाकट्या भावाने यंदा आयटीआय पूर्ण केलं, त्याचा डिप्लोमाचा फॉर्म मात्र मी स्वतः बसून भरून घेतला.