चष्मा उतरवायचा, पण कुणाकडे?

लेसर ऑपरेशन करून माझा साडेसात नंबरचा चष्मा गेल्यापासून भेटेल तो विचारतो, ‘सर्जन कसा निवडलात? नाव सांगा ना.’ नाव मी सांगत नाही. माझ्या डोळ्यांना जे मानवलं ते तुमच्या डोळ्यांना मानवेलच असं नाही, आणि नाव एकदा हातात पडलं की माणूस पुढचं काही विचारत नाही. निवडलं कसं, ते मात्र सांगते. तुम्ही विचारलंत म्हणून.

बहुतेकांना आधी मशीनची चौकशी करायची असते. कुठलं मशीन, किती नवं, ब्लेड की बिनब्लेडचं. पण मशीन सांगितलं तेवढंच काम करतं. किती काढायचं, मुळात हात लावायचा की नाही, हे त्याआधीच्या तपासणीत ठरतं. म्हणून सर्जनची पारख मी तपासणीच्या दिवशीच केली.

त्यातला मुख्य हिशोब शाळकरी वजाबाकीचा आहे. बुबुळावरचा पारदर्शक पडदा, म्हणजे कॉर्निया, सरासरी 540 मायक्रॉनच्या आसपास जाड असतो. अर्ध्या मिलिमीटरहून जरासा जास्त. लेसिक या नेहमीच्या लेसर ऑपरेशनमध्ये आधी त्याचा 100 ते 120 मायक्रॉनचा पापुद्रा उचलतात (फ्लॅप म्हणतात तो हाच) आणि खालच्या भागाला लेसरने नवा आकार देतात. दर एका नंबरामागे ढोबळमानाने 12 ते 15 मायक्रॉन जातात. एवढं झाल्यावर फ्लॅपखाली निदान 250 मायक्रॉन शिल्लक हवेत. सावध सर्जन 300 धरतात. फार कमी उरले, तर कॉर्निया हळूहळू पुढे फुगू शकतो. त्याला एक्टेशिया म्हणतात. मग चष्मा लावूनही धड दिसत नाही.

माझा कॉर्निया 498. पहिल्या ठिकाणी काउन्सेलरने पॅकेज समजावलं आणि ‘आरामात होऊन जाईल’ म्हणाली. सर्जन थेट ऑपरेशनच्या दिवशी भेटणार होते. शिवाय मी कॉन्टॅक्ट लेन्स घालून गेले होते, तरी त्या काढायला लावून लगेच मोजमापं घेतली. लेन्समुळे कॉर्नियाचा आकार तात्पुरता बदलतो. सॉफ्ट लेन्स आधी आठवडा-दोन आठवडे बंद ठेवायला सांगतात, हार्ड लेन्स त्याहून जास्त. हे जिथे कुणी विचारलंच नाही, तिथून मी निघाले.

दुसरीकडे सर्जनबाईंनी स्वतः कागद पुढे ओढला. 498 मधून फ्लॅपचे 110 गेले, नंबराचे 105 गेले, उरले 283. ‘नियमात बसतंय,’ त्या म्हणाल्या, ‘पण मी करणार नाही.’ त्यांनी पीआरके ही लेसरचीच दुसरी पद्धत सुचवली. त्यात फ्लॅप नसतो. वरचा पेशींचा पातळ थर काढून थेट लेसर करतात आणि तो थर काही दिवसांत पुन्हा येतो. बदल्यात सुरुवातीचे तीन-चार दिवस डोळे चुरचुरणार, नजर स्थिरावायला आठवडे लागणार. मोठ्या नंबराला नंतर धूसरपणा येऊ शकतो, तो टाळायला मायटोमायसिन नावाचं औषध लावतात, हेही त्यांनी मी न विचारताच सांगितलं. पुढे डोळे चांगलेच झोंबले. पण सांगितलं होतं तसेच.

वजाबाकी जमली म्हणजे सगळं झालं असंही नाही. टोपोग्राफीत, म्हणजे कॉर्नियाच्या नकाशात, त्याची पुढची-मागची ठेवण बघून केराटोकोनसची (कॉर्निया पातळ होऊन शंकूसारखा पुढे येण्याच्या आजाराची) शंका आली, तर जाडी भरपूर असूनही नकार मिळायला हवा. डोळे चोळायची सवय आहे का, घरात कुणाला हा आजार आहे का, वर्षभरात नंबर बदलला का, डोळे कोरडे पडतात का, हे विचारलं जातंय का बघा. बाहुली मोठी करणारे थेंब घालून नंबर पुन्हा तपासला नाही, तर मला ती तपासणी अर्धवटच वाटते.

‘किती ऑपरेशनं केलीत?’ हे विचारायला हरकत नाही, उत्तर मोठंच येणार. त्यापेक्षा किती जणांना परत पाठवता, किती जणांना पुन्हा लेसर करावं लागतं आणि तीन महिन्यांनी तक्रार घेऊन आले तर मला कोण तपासणार, हे विचारा. लेसिक, पीआरके, स्माइल (फ्लॅप न उचलता छोट्या छेदातून करायचं लेसर) आणि डोळ्यात बसवायची आयसीएल लेन्स यांतलं काय काय तिथे होतं, तेही विचारा. एकच पद्धत असेल तर सल्लाही तोच मिळणार. रिव्ह्यूंवर माझा फारसा भरवसा नाही. त्यांतले बरेच ‘सकाळी उठले आणि घड्याळ दिसलं’ या आनंदात लिहिलेले असतात. रात्री दिव्यांभोवती दिसणारी वलयं किती टिकतात, हे तेव्हा कुणाला ठाऊक असतं?

चाळिशीनंतर वाचायला चष्मा लागणारच. ते या ऑपरेशनने टळत नाही, आणि ‘टळतं’ म्हणणाऱ्याकडे मी तरी जाणार नाही.

आणखी एक, हे सहसा कुणी सांगत नाही. ऑपरेशनआधीच्या मोजमापांची प्रत मागून घ्या. पुढे मोतीबिंदू झाला, तर आत बसवायच्या लेन्सची पॉवर काढणं लेसर झालेल्या डोळ्यात अवघड जातं आणि तेव्हा हे जुने आकडे उपयोगी पडतात. प्रत द्यायला कुणी का-कू केली, तर ऑपरेशनची तारीख घ्यायच्या आधीच ते कळलेलं बरं.