पोट भरलंय म्हणाली

सोमवार, रात्री

कालचा दिवस खरंच छान गेला. हे आधी लिहून ठेवते, कारण पुढचं वाचून तसं वाटणार नाही.

मळवलीला गेलो होतो, भाजे लेणी बघायला. शिवाजीनगरहून सकाळची लोकल पकडली आणि दोन्ही मुलांना खिडकी मिळाली, तिथेच अर्धा दिवस वसूल झाला. बंटूला कासारवाडी, पिंपरी, चिंचवड, आकुर्डी सगळं ओळीने पाठ आहे, आणि बेगडेवाडी आलं की त्याला दर वेळी हसू फुटतं. तळेगाव सुटल्यावर भाताची खाचरं दिसायला लागली. माणशी १५-२० रुपयांत एवढं दाखवणारी दुसरी गाडी नाही. पाचच्या आतल्याला तिकीट नाही, बाराच्या आतल्याला अर्धं. बंटूचं हे शेवटचं फुकट वर्ष.

स्टेशनवरून भाज्याला चालत गेलो. वाटेत एक्सप्रेसवेवरचा पूल लागतो, तिथे मुलं हलेचनात. खालून गाड्या सूं सूं जातायत आणि हे दोघे कठड्याला चिकटून लाल तुझी, पांढरी माझी असं खेळतायत. बराच वेळ गेला. मीही घाई केली नाही. मला विचाराल तर मुलांना बाहेर नेण्यात निम्मं काम हेच असतं, जिथे ती थांबतात तिथे आपणही थांबायचं.

लेण्यांत ओवी एकदम गप्प झाली. चैत्यगृहात शिरल्यावर म्हणाली, "आई, हे खांब वाकडे आहेत." खरंच आहेत. सगळे जरा आत कललेले. आधी लाकडाची घरं बांधायची सवय होती, तिथे खांब असेच कलते ठेवायचे, मग दगडात कोरतानाही तसेच कोरले, एवढं मला माहीत होतं ते सांगितलं. इसवी सनापूर्वी दुसऱ्या शतकातलं हे. तिने एका खांबाला पाठ लावली आणि तशीच तिरकी उभी राहिली. मग म्हणाली, "आता मी सरळ आहे." पुढे स्तूपांचा घोळका आहे, चौदा आहेत, पाच आत आणि नऊ बाहेर. ते दोघांनी दोनदा मोजले आणि दोन्ही वेळा भांडले. ढोलासारखं वाद्य वाजवणारी बाई आणि शेजारी नाचणारी दुसरी, ती कोरलेली आहे तिथे बंटूने नाचून दाखवलं.

आणि मग खाली उतरल्यावर ते कणीस.

मावशी शेगडी घेऊन बसल्या होत्या. पुठ्ठ्याने वारा घालत होत्या, दाणे तडतडत होते, लिंबाची फोड तिखटमिठात बुडवून कणसावर फिरवत होत्या. मागे दुसऱ्या पुठ्ठ्यावर खडूने लिहिलेलं, ४० रु. बंटूने लांबूनच आरोळी ठोकली. मी पर्स उघडली, दोन द्या म्हणणार एवढ्यात ओवी म्हणाली, "मला नको. माझं पोट भरलंय."

डबा खाऊन तीन तास झाले होते. धपाटे तिने दीडच खाल्ले होते, उरलेला अर्धा बंटूला दिला होता. आणि मला नको म्हणायच्या आधी तिने पुठ्ठ्याकडे पाहिलं, मग माझ्या पर्सकडे, मग डोंगराकडे. ते मी पाहिलं. नसतं पाहिलं तर आज ही वही उघडली नसती.

शेजारी एक काकू होत्या, त्यांच्याबरोबर तीन मुलं, तिघांच्या हातात कणीस आणि वर मॅगीचा हट्ट. त्या म्हणाल्या, "किती शहाणी हो लेक तुमची!" मी हसले. छातीत काहीतरी फुलून आलं, आणि त्याच क्षणी काहीतरी खुपलंही. दोन्ही एकदम.

मी दोन कणसं घेतलीच. ओवीने तिच्यातलं अर्ध्याच्या वर बाबाला दिलं. रात्री खिचडी दोनदा मागून घेतली.

एवढंच झालं. याला काही झालं म्हणतात का? नवऱ्याला सांगितलं तर तो म्हणाला, "अगं, नसेल भूक." नसेलही. पण ती पुठ्ठ्याकडे का बघेल मग.

आज दिवसभर ऑफिसात तेच डोक्यात. आठ वर्षांची मुलगी. तिने भाव वाचावा, आमच्या खिशाशी ताडून पाहावा आणि स्वतःहून मागे सरावं. बंटू मागतो, हात पाय आपटतो, मिळालं की विसरतो, नाही मिळालं तरी थोड्या वेळाने विसरतो. त्याची मला काळजी नाही. जी मागतच नाही तिला काय हवंय हे मला कळणार कसं?

आमच्या घरात पैशाचं बोलणं मुलांसमोर होतं. होणारच. दोन खोल्यांत कुठे जाऊन कुजबुजायचं? आणि मला ते योग्यच वाटतं. भाजी कितीची, बसचं पाचाचं तिकीट २०२५च्या जूनपासून दहा झालं, दिवसाचा पास ७०ला गेला, हे मुलांना कळलं पाहिजे. नवऱ्याच्या कामाचं काय ते दिवाळीनंतर बघू म्हणालेत, तेही त्यांच्या कानावर पडतंच. ते जाऊ दे. पण कळणं वेगळं आणि आपण होऊन त्यातला वाटा उचलणं वेगळं. हा वाटा तिला मी दिला नव्हता. तिने घेतला.

संध्याकाळी प्राजूताईंचे फोटो आले. वॉटर पार्क, मुलं रबरी ट्यूबवर. ओवीने माझ्या खांद्यावरून बघितले, "भारी आहे" म्हणाली आणि गेली. पुढे काहीच नाही. "आपण कधी जायचं?" हे तिने विचारावं म्हणून मी वाट बघत बसले, तिने विचारलंच नाही. तेव्हा मात्र मला स्वयंपाकघरात जाऊन जरा रडू आलं. चौघांचं तिकीट, खाणं आणि जाणंयेणं धरलं तर त्यात आणि आमच्या महिन्याच्या किराण्यात फार फरक उरत नाही. नाही जमत. आपली मुलं फुकटातल्या आणि दहा-वीस रुपयांच्या जागांवरच वाढणार का, असं वाटून गेलं. आईचा फोन येत होता, तोही घेतला नाही. घेतला असता तर आवाजावरून तिने ओळखलं असतं, आणि तिच्या गुडघ्याचं चालू असताना...

मंगळवार

रात्री झोप लागेना म्हणून एक एक जागा आठवत बसले, की खरंच कमी पडलं का काही.

केळकर संग्रहालय. मे महिन्यातल्या त्या उन्हात गेलो होतो. तिथले अडकित्ते, दिवे, कुलपं बघून बंटू कंटाळला, पण ओवीला मस्तानी महालापाशी नव्हे, दाराशी काय सांगितलं ते लागलं. दिनकर केळकरांचा मुलगा राजा लहानपणीच गेला आणि एवढा सगळा जमवलेला संग्रह त्यांनी त्याच्या नावाने केला. ओवीने दोन-तीनदा विचारलं, "म्हणजे त्या राजाने हे काहीच बघितलं नाही?" त्या रात्री ती बंटूच्या अंथरुणात जाऊन झोपली होती. तेव्हा तर पैशाचा काही प्रश्नच नव्हता. म्हणजे ती मुळातच अशी आहे का? दुसऱ्याचं ओझं तिला आपोआप दिसतं? तसं असेल तर कणसाचं मी उगीच मनाला लावून घेतलं. आणि तसं असेल तर जास्तच जपायला हवं.

मेट्रोचा दिवस. शनिवार-रविवारी तिकिटात ३० टक्के सूट असते आणि ९० सेंटिमीटरच्या आतलं मूल फुकट. बंटू ताठ उभा राहून "मी मोठा आहे, माझं तिकीट काढ" म्हणत होता. जिल्हा न्यायालय स्टेशन जमिनीखाली तेहेतीस मीटर आहे, देशातल्या सगळ्यात खोल स्टेशनांपैकी एक. आम्ही सरकत्या जिन्यांवरून खाली-वर, खाली-वर केलं. वरून उजेड थेट खालपर्यंत येतो. तिथे विकत घ्यायचं काही नव्हतं आणि ओवी बंटूपेक्षा मोठ्याने ओरडत होती, अजून एकदा, अजून एकदा. हे आठवल्यावर मी उठून बसले. जिथे किंमत नाही तिथे ती मागते. भरपूर मागते. पाताळेश्वरात त्या गोल नंदीमंडपाभोवती पळतानाही तसंच. पर्वतीच्या पायऱ्यांवर "परत खालपासून चढू" म्हणणारी तीच.

मग माझं स्वतःचं आठवलं. बाबा आम्हाला पेशवे पार्कात न्यायचे. तेव्हा प्राणी तिथेच होते, कात्रजला गेले नव्हते. फुलराणीत, म्हणजे तिथल्या छोट्या झुकझुकगाडीत, एक फेरी झाली की धाकटा रडायचा, दुसरी हवी म्हणून. बाबा खिशातून चिल्लर तळहातावर घेऊन बोटाने सरकवत मोजायचे. मी म्हणायचे, मला नको, मी बाहेरून हात करते. कुणी शिकवलं नव्हतं. तो तळहात बघितला की कळायचं. दुसरी फेरी मला हवी असायची, अगदी हवी असायची. पण मी कठड्यापाशी बाबांच्या शेजारी उभी राहायचे, ते माझ्या डोक्यावर हात ठेवायचे, आणि गाडी आली की आम्ही दोघं मिळून हात करायचो. मी मोठ्यांच्यात असायचे. तो मान मला फेरीपेक्षा कमी वाटला नाही. आजही वाटत नाही.

मग ओवीलाही तसंच वाटत असेल का? तिने अर्धं कणीस बाबाला दिलं तेव्हा ती काही हिरमुसलेली नव्हती. त्याच्या शेजारी दगडावर बसली होती, पाय हलवत, आणि दोघं मिळून लोहगड कुठला, विसापूर कुठला यावर वाद घालत होती. हे काल लिहिलं नाही. कारण तेव्हा मी तिच्या हातातल्या कणसाकडेच बघत बसले होते.

जरा हलकं वाटलं. पण पूर्ण नाही. कारण मला हेही माहीत आहे की ते नको म्हणणं मला पुढे सुटलं नाही. कॉलेजात सुटलं नाही, लग्नात साड्या घेताना सुटलं नाही. दुकानात अजूनही हात आधी किमतीच्या चिठ्ठीकडे जातो, रंगाकडे नंतर. तो मान हवा तर तिला मिळू दे. पण त्याबरोबर हे येतं, ते नको यायला.

म्हणून ठरवलंय. पुढच्या वेळी निघतानाच वरखर्चाचे २०० रुपये ओवीच्या हातात द्यायचे. तिकिटं माझी, बाकीचं तिचं. कणीस घ्यायचं, पेरू घ्यायचे, का उसाचा रस, ते ती ठरवेल. अट एकच, सगळ्यांसाठी काहीतरी घ्यायचं आणि त्या सगळ्यांत ओवी धरायची. उरलेले परत द्यायचे नाहीत, म्हणजे वाचवले की आई कौतुक करते असं तिला वाटणार नाही. नवरा म्हणाला, ती सगळे साठवून ठेवेल बघ. ठेवू दे. पण मोजताना निदान स्वतःलाही मोजेल.

जेवताना विषय काढला. बंटू म्हणाला, मला पण २०० पाहिजेत. त्याला समजावण्यात पंधरा मिनिटं गेली. ओवी काही बोलली नाही, ताट उचलून ठेवलं आणि वही घेऊन बसली. थोड्या वेळाने विचारायला आली की एम्प्रेस गार्डनमध्ये डबा नेऊ देतात का, आणि कात्रजचं प्राणिसंग्रहालय बुधवारी बंद असतं तर शाळेला बुधवारी सुट्टी आली की आपलं नुकसान होतं ना. मी म्हटलं, होतं. मग म्हणाली, आई, सिंहगडावर मडक्यातलं दही कितीला असतं?

मी म्हटलं, ते आपण वर गेल्यावर विचारू, आधी तुला हवंय का ते सांग. तिने बराच विचार केला. हवंय म्हणाली, पण आंबट नसेल तर.