कोच राहील की जाईल?

नोव्हेंबर लागला की अमेरिकेतल्या कॉलेज फुटबॉलच्या गावांत एकच विषय असतो: आपला कोच टिकणार का? संघ हरत असेल तर त्याला काढतील का, आणि जिंकत असेल तर त्याला कोणी पळवेल का. दुसरी काळजी जास्त छळते. हरणाऱ्या कोचला काढणं विद्यापीठाच्या हातात असतं, जिंकणाऱ्याला थांबवणं नसतं. सिअ‍ॅटलला आल्यावर हे मला हळूहळू कळत गेलं, आणि जानेवारी २०२४ मध्ये ते पुरतं अंगावर आलं.

तिकडच्या वाचकांसाठी थोडं सांगते. हा फुटबॉल म्हणजे आपला पायाने खेळायचा नव्हे, लांबट चेंडूचा, हेल्मेट आणि खांद्यांना जाड पॅड बांधून खेळायचा. विद्यापीठांचे संघ असतात, खेळाडू अठरा ते तेवीस वयाचे, आणि सामन्याला येणारी गर्दी मात्र आपल्याकडच्या वानखेडेला लाजवेल इतकी. युनिव्हर्सिटी ऑफ वॉशिंग्टन हे राज्य सरकारी विद्यापीठ. त्यांच्या संघाचं नाव हस्कीज. स्टेडियम लेक वॉशिंग्टनच्या अगदी काठावर, सुमारे ७० हजार माणसं मावतील एवढं. एक बाजू तळ्याकडे उघडी. सामन्याच्या दिवशी लोक चक्क बोटी घेऊन येतात, धक्क्याला बांधतात, तिथेच खातात-पितात आणि मग आत जातात. संघाने टचडाउन केला, म्हणजे चेंडू विरोधकांच्या शेवटच्या रेषेपलीकडे नेला, की मोठा भोंगा वाजतो. पहिल्यांदा तो ऐकला तेव्हा मी दचकून शेजाऱ्याचा हात धरला होता. त्या माणसाला मी ओळखतही नव्हते, पण पुढचे दोन तास तो मला खेळ समजावत बसला. अंगावर संघाच्या रंगाचं, जांभळं काही घातलं असलं की इथे कोणी परकं राहत नाही. सिअ‍ॅटलमधल्या माणसांबद्दल मला जी माया आहे, तिची सुरुवात त्या बाकावर झाली.

या संघाचा कोच होता केलन डीबोअर. मूळचा साउथ डकोटाचा. मोठ्या विद्यापीठांच्या नजरेत येण्याआधी त्याने सू फॉल्स नावाच्या लहानशा विद्यापीठाला ६७ सामने जिंकून दिले होते आणि हरले होते फक्त ३. हस्कीजनी २०२१ मध्ये ४ सामने जिंकले, ८ हरले. डीबोअर आला आणि पुढच्याच वर्षी ११ जिंकले. २०२३ चा हंगाम तर विचारू नका. ऑरेगनला ३४-३१ ने हरवलं, न्यू ऑर्लिन्समध्ये टेक्सासला ३७-३१ ने, श्वास रोखून बघायचे सामने, आणि शेवटी आम्हीच पुढे. मायकल पेनिक्स हा त्या संघाचा क्वार्टरबॅक, म्हणजे चेंडू फेकून चढाई चालवणारा मुख्य खेळाडू. इंडियाना विद्यापीठात असताना त्याचे चार हंगाम दुखापतीत वाया गेले होते. तो सिअ‍ॅटलला आला, कारण इंडियानात डीबोअरने त्याला शिकवलं होतं आणि पेनिक्सचा डीबोअरवर विश्वास होता.

हे मी मुद्दाम सांगते आहे. माझं बालपण कोल्हापूरचं, आमच्या पेठेत तालीम होती. बाहेरगावची पोरं तिथे यायची ती वस्तादाच्या नावावर, इमारतीच्या नाही. इथेही तसंच आहे. कोच सतरा वर्षांच्या मुलाच्या घरी जातो, आई-वडिलांसमोर बसतो, ‘तुमचा मुलगा माझ्या जबाबदारीवर’ असं सांगतो. मुलगा सही करतो ती कागदावर विद्यापीठासाठी असते, मनातून त्या माणसासाठी असते.

८ जानेवारी २०२४, सोमवार. ह्यूस्टनला राष्ट्रीय विजेतेपदाचा सामना, मिशिगनविरुद्ध. आम्ही ३४-१३ असे हरलो. त्या हंगामातला एकमेव पराभव. दुःख झालं, पण संघाबद्दल अभिमान जास्त होता. बुधवारी बातमी आली की अलाबामा विद्यापीठाचा कोच निक सेबन निवृत्त होतोय. सतरा वर्षांत सहा राष्ट्रीय विजेतेपदं मिळवून देणारा माणूस. त्या क्षणी सिअ‍ॅटलमध्ये प्रत्येकाने मनात एकच हिशोब केला. शुक्रवारी डीबोअरने संघाला बोलावून सांगितलं की मी अलाबामाला चाललो.

त्या दिवशी सिअ‍ॅटलला हाडं गोठवणारी थंडी होती. मी दुकानात दूध-भाजी घ्यायला गेले होते. काउंटरवरचे आजोबा, डोक्यावर हस्कीजची विटलेली टोपी, मला म्हणाले, ‘‘डॉन जेम्सच्या वेळी असं नव्हतं.’’ डॉन जेम्स म्हणजे १९७५ ते १९९२, सलग अठरा हंगाम एकाच संघाचा कोच. १९९१ चं राष्ट्रीय विजेतेपद त्याच्याच काळातलं, मायामीबरोबर विभागून मिळालेलं. आजोबा रागावलेले नव्हते. फार थकलेले दिसत होते. मी त्यांना म्हटलं, नवीन कोणीतरी येईल. ते म्हणाले, ‘‘येईल ना, पण कुणाचा तरी कोच पळवूनच आणतील.’’

आणि अगदी तसंच झालं. रविवारी वॉशिंग्टनने जेड फिशला आणलं, अ‍ॅरिझोनातून. अ‍ॅरिझोनाने नुकतेच १० सामने जिंकले होते, तिथली माणसं कितीतरी वर्षांनी खूश होती. मंगळवारी अ‍ॅरिझोनाने सॅन होजे स्टेटचा कोच ब्रेंट ब्रेननला उचललं. मग सॅन होजे स्टेटने केन नियुमातालोलोला घेतलं. तिकडे अलाबामात डीबोअरच्या हाताखाली काम करायला साउथ अलाबामा आणि बफेलो या दोन विद्यापीठांचे मुख्य कोच आपापले संघ सोडून गेले. एक म्हातारा माणूस निवृत्त झाला आणि दोन आठवड्यांच्या आत देशभरातल्या शेकडो मुलांचा कोच बदलला. अ‍ॅरिझोनातले काही खेळाडू फिशच्या मागून सिअ‍ॅटलला आले, आमचे काही डीबोअरच्या मागून अलाबामाला गेले.

डीबोअरला मी दोष देते का? नाही. पैसा हे कारण होतंच, अलाबामाने आठ वर्षांसाठी ८ कोटी ७० लाख डॉलरचा करार दिला. पण मला वाटतं पैशापेक्षा मोठं कारण दुसरं होतं. वॉशिंग्टन त्या उन्हाळ्यात बिग टेन या मोठ्या गटात जाणार होतं आणि तिथे टीव्हीच्या पैशातला पूर्ण वाटा आम्हाला मिळणार नव्हता, साधारण निम्माच. म्हणजे मिशिगन आणि ओहायो स्टेटशी झुंजायचं, तेही अर्ध्या शिदोरीवर. शिवाय डीबोअरला ज्या बाईंनी नेमलं, त्या क्रीडासंचालक जेन कोहेन, आदल्या ऑगस्टमध्येच लॉस एंजेलिसच्या यूएससी विद्यापीठात गेल्या होत्या. त्यांच्या जागी ट्रॉय डॅनन आले, आणि तेही मार्च २०२४ मध्ये नेब्रास्काला निघून गेले. ज्यांच्या भरवशावर कोच आला होता त्या बाईच आता खुर्चीत नव्हत्या. घर, नातलग, भाषा सोडून इकडे आलेल्या आम्हा मराठी माणसांनी तर चांगल्या संधीसाठी गेलेल्या कोणाला नावं ठेवू नयेत, असं मला मनापासून वाटतं.

न गेलेलेही असतात. क्रिस पीटरसनने आयडाहोतल्या बॉइझी स्टेटसारख्या लहान विद्यापीठात राहून मोठ्यामोठ्यांना हरवलं, दरवर्षी कुठे ना कुठे त्याचं नाव यायचं, आणि तो वर्षानुवर्षं जागचा हलला नाही. अखेर डिसेंबर २०१३ मध्ये निघाला तो सिअ‍ॅटललाच यायला. सहा हंगामांनंतर त्याने स्वतःहून पद सोडलं, तेही दुसऱ्या संघाची नोकरी हातात नसताना. त्याच्याबद्दल इथे आजही फार आदराने बोलतात.

माझी खरी तक्रार आहे ती वेळापत्रकाशी. डिसेंबर २०२३ च्या २० तारखेपासून बारावीतल्या मुलांनी पुढच्या वर्षासाठी सह्या केल्या. तेवीस दिवसांनी कोच गेला. त्या मुलांनी काय करायचं? पुढच्या वर्षांत हे आणखी बिघडलं. ३० नोव्हेंबर २०२५ ला कोच लेन किफिनने मिसिसिपी विद्यापीठ, ज्याला सगळे ओल मिस म्हणतात, ते सोडून लुइझियानाच्या एलएसयू या विद्यापीठाची नोकरी धरली. संघाने ११ सामने जिंकलेले, एक हरलेला, विजेतेपदाची फेरी तोंडावर. डीबोअर निदान शेवटचा सामना खेळवून गेला. ओल मिसच्या मुलांना ऐन मोक्याला कोच नाही! त्यांच्या सहायक कोचने, पीट गोल्डिंगने, संघ हाती घेतला आणि त्या मुलांनी जॉर्जियासारख्या बलाढ्य संघाला ३९-३४ ने हरवून उपांत्य फेरी गाठली. त्या रात्री मी ओल मिससाठी ओरडत होते, माझा त्या गावाशी काही संबंध नसताना.

आता मुलंही संघ बदलतात आणि त्यावरून इथे बरीच नाराजी आहे. पूर्वी विद्यापीठ बदललं की एक वर्ष बाहेर बसावं लागे, २०२१ पासून ती अट सुटली. जुलै २०२५ पासून विद्यापीठं खेळाडूंना थेट पैसेही देऊ लागली. जानेवारी २०२६ मध्ये आमचा तरुण क्वार्टरबॅक डेमंड विल्यम्स याने नुकताच करार करून लगेच जायचं जाहीर केलं. विद्यापीठाने करार दाखवला, दोनच दिवसांत तो राहतो म्हणाला. मधल्या दोन दिवसांत त्याला लोक जे बोलले ते वाचवत नव्हतं. डीबोअर गेला तेव्हा वॉशिंग्टनला १ कोटी २० लाख डॉलर भरपाई मिळाली. करार मोडायचा, ठरलेली रक्कम भरायची, निघायचं, आणि त्याला सगळे व्यवहार म्हणाले. पन्नाशीच्या आसपासच्या माणसाला जे चालतं ते एकोणीस-वीस वर्षांच्या पोराला बेइमानी कसं होतं? करार पाळायला हवा, विल्यम्सनेही पाळायलाच हवा होता. पण जायची वाट दोघांना सारखी असू दे, किंमत आधी कागदावर लिहिलेली असू दे, आणि कोचला विचारणा हंगामाचा शेवटचा सामना झाल्यावरच करता येऊ दे. एवढं केलं तरी अर्धी मनं मोडायची थांबतील.

आणि जेड फिशचं? डिसेंबर २०२५ मध्ये मिशिगनने आपल्या कोचला काढलं तेव्हा फिशचं नाव लगेच पुढे आलं, कारण तो पूर्वी तिथे सहायक होता. गंमत अशी की डीबोअरचंही आलं, इतकं की त्याला अलाबामातच राहतोय असं निवेदन काढावं लागलं. मिशिगनने शेवटी काइल व्हिटिंगहमला नेलं, ज्याने नुकतंच युटाचं पद सोडलं होतं. हे लिहिते आहे तोवर फिश सिअ‍ॅटलमध्येच आहे. ऑफिसमध्ये जेवताना परवा एकीने मला विचारलं, तुला काय वाटतं, जाईल का? मी म्हटलं, चांगलं खेळवलं तर जाईल, आणि त्याने चांगलंच खेळवावं अशी माझी इच्छा आहे.