सुई काही सुटत नाही
आज आईला घेऊन कोथरूडला डॉक्टरांकडे गेलो होतो, कर्वे रोडला नेहमीचं ट्रॅफिक आणि रिक्षात आईचं एकच, ते नाकाने ओढायचं इन्सुलिन मला देतील ना रे? म्हटलं नाकाने नाही गं, तोंडाने, पावडर असते. अफ्रेझा नाव, अमेरिकेत २०१४ ला परवानगी मिळाली, आपल्याकडे सिप्लाला २०२४ च्या डिसेंबरात.

डॉक्टरांचा पहिलाच प्रश्न, दमा आहे का? आहे ना, थंडीत पंप लागतोच. झालं, विषय संपला. दमा किंवा सीओपीडी (फुप्फुसांचा जुनाट आजार) असेल तर श्वासनलिका एकदम आवळू शकते म्हणे, सिगरेटवाल्यांनाही देत नाहीत. बाकीच्यांचीसुद्धा आधी फुप्फुसांची फुंकायची टेस्ट, मग ६ महिन्यांनी, मग दरवर्षी. खोकला येतो, घसा खवखवतो, शुगर लो व्हायची भीती आहेच. आणि टाईप १ डायबेटिसवाल्यांना लांब चालणारं इन्सुलिन टोचावंच लागतं, म्हणजे सुई पूर्ण सुटत नाहीच, हे मला खरंच माहीत नव्हतं (व्हॉट्सॲपवर हे कोणी सांगत नाही).

बाहेर आल्यावर आई म्हणाली, जाऊ दे, माझी सुई ओळखीची तरी आहे. मग अमृततुल्यला चहा, तिचा बिनसाखरेचा. माझ्या क्रीमरोलमधला अर्धा मात्र गेला.