काउंटीचा रकाना

मिनेसोटातल्या एका सरकारी मानसोपचार केंद्रात मी सोशल वर्कर होते, नोकरीला जेमतेम वर्ष झालेलं. जानेवारीतल्या एका सकाळी रेड लेक या मूळनिवासी जमातीच्या रिझर्वेशनहून, म्हणजे जमातीच्या स्वतःच्या राखीव मुलखातून, एक पेशंट आला, सोबत त्याची मावशी. एका हातात फाइल, दुसऱ्या हातात फॉइलमध्ये गुंडाळलेला तळलेला वॉलाय मासा.

माणसाला त्याच्या मर्जीविरुद्ध ठेवून घ्यायचं तर कोर्टाचा हुकूम लागतो. आमच्याकडे बहुतेक हुकूम जिल्हा कोर्टाचे, वर काउंटीचं, म्हणजे राज्यातल्या जिल्ह्यासारख्या विभागाचं, नाव. यावर शिक्का रेड लेक ट्रायबल कोर्टाचा, म्हणजे जमातीच्या स्वतःच्या कोर्टाचा. मी बेधडक काउंटीच्या रकान्यात 'बेल्ट्रामी' लिहिलं, कारण नकाशावर रिझर्वेशनचा मोठा भाग त्याच काउंटीत दिसतो. मग काउंटीच्या वकिलांना फोन लावला. "हा आमचा विषयच नाही," म्हणाले आणि ठेवला. मावशी-भाचे तासभर बाकड्यावर.

शेवटी मावशी उठून टेबलापाशी आली, 'बेल्ट्रामी'वर बोट ठेवलं. "हे खोड. काउंटीचा आमच्याशी काय संबंध?"

तेवढ्यात सीनियर आल्या, त्यांनी समजावलं. राज्याच्या दाखल-कायद्यात रेड लेकच्या चिपवा जमातीसाठी वेगळं कलमच आहे. ट्रायबल कोर्ट पेशंटला इंडियन हेल्थ सर्व्हिसच्या, म्हणजे मूळनिवासी जमातींसाठीच्या केंद्र सरकारच्या आरोग्यसेवेच्या, स्वाधीन करतं, आणि राज्याशी करार असला की ती सर्व्हिस त्याला आमच्याकडे पाठवू शकते. अट एकच: त्या कोर्टाच्या कार्यपद्धतीत पेशंटला राज्याच्या कायद्यासारखंच कायदेशीर संरक्षण मिळालेलं असावं. सर्व्हिसचं पत्र हुकमाच्याच खाली होतं. मी पान उलटलंच नव्हतं.

कागद होईतो मावशी बोलत राहिली. 1889 मध्ये सरकारने रिझर्वेशनच्या जमिनींचे तुकडे पाडून माणशी वाटायचा कायदा आणला. रेड लेकच्या लोकांना खूप जमीन सोडावी लागली, पण उरलेलीची वाटणी त्यांनी होऊ दिली नाही; ती आजही सगळ्यांची मिळून आहे. 1953 मध्ये काँग्रेसने, म्हणजे अमेरिकेच्या संसदेने, मिनेसोटाला रिझर्वेशनवर फौजदारी अधिकार दिले, त्यातून एकटं रेड लेक वगळलं. पोलीस त्यांचे, कोर्ट त्यांचं, 1974 पासून गाड्यांच्या नंबरप्लेटीसुद्धा. मला आजोबांची आठवण झाली. सांगली संस्थानातला जन्म. संस्थानची हद्द आणि खालसा मुलूख यांत ते मरेपर्यंत गल्लत करत नसत. पण सांगली 1948 मध्ये विलीन झाली. हे लोक आहेत तिथेच आहेत.

संगणक काउंटीचा रकाना रिकामा सोडू देईना. 'लागू नाही' टाकलं, प्रिंटवर हाताने 'रेड लेक ट्रायबल कोर्ट' लिहिलं. मावशीने चष्मा लावून ते वाचलं आणि माशाची पुडी माझ्याकडे सरकवली. पेशंटच्या नातेवाइकांकडून काही घ्यायचं नाही असा नियम आहे. मी खाल्ला.

अशा पेशंटचा उपचार-अहवाल साठ दिवसांच्या आत हेल्थ सर्व्हिसला जातो. तो तयार करून मी लिफाफा घेतला आणि सवयीने त्यावर काउंटीचा पत्ता लिहिला. फाडला, दुसरा घेतला.