अमळनेर ते शहादा : विंडोज सोडून लिनक्सकडे जाताना संगणकावर नजर कशी ठेवावी

१४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चे नियमित सुरक्षा-अपडेट बंद झाले आणि टीपीएम २.० ही सुरक्षा-चिप नसलेले जुने संगणक विंडोज ११ च्या अटींत बसेनात. खानदेशातील आमच्या ओळखीच्या अनेक छोट्या कार्यालयांत अशीच यंत्रे आहेत. त्यांतील काहींवर विंडोजऐवजी लिनक्स मिंट ही मोफत कार्यप्रणाली बसवून देण्यासाठी यंदाच्या उन्हाळ्यात मी जळगावहून सुरत मार्गाच्या गाडीने अमळनेर, तिथून दोंडाईचा आणि नंदुरबारला उतरून, प्रकाशा येथे तापी ओलांडणाऱ्या एसटीने शहादा असा प्रवास केला. मिंट बसवणे सोपे गेले. खरा वेळ गेला तो 'आता टास्क मॅनेजर (चालू प्रोग्राम आणि संगणकावरचा ताण दाखवणारी विंडोजची खिडकी) कुठे पाहायचा?' या प्रश्नाला प्रत्येक ठिकाणी नीट उत्तर देण्यात.

हुबेहूब तसाच दिसणारा प्रोग्राम शोधत बसू नये, असे माझे ठाम मत आहे. जुन्या साधनाला आपण रोज कोणता प्रश्न विचारत होतो ते आधी कागदावर लिहावे आणि त्या प्रश्नाचे उत्तर देणारे साधन निवडावे. विंडोज पुसण्यापूर्वी त्याच यंत्रावर रिकाम्या वेळी किती मेमरी लागते, तापमान किती असते आणि डिस्क किती व्यग्र असते, हे आकडेही टिपून ठेवावेत. नंतर तुलनेला दुसरा आधार उरत नाही.

अमळनेरच्या एका वाचनालयात पुस्तकांची नोंद ठेवणारा संगणक फार संथ चालत होता. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये डिस्कचा आकडा शंभर टक्क्यांवर असे, एवढे ग्रंथपालांना आठवत होते. मिंट बसवल्यावर टर्मिनलमध्ये, म्हणजे आज्ञा टाइप करण्याच्या खिडकीत, चालू कामांची यादी दाखवणारी टॉप ही आज्ञा दिली, तेव्हा प्रोसेसर जवळजवळ रिकामा आणि लोड, म्हणजे खोळंबलेल्या व चालू कामांची सरासरी संख्या, मात्र चारच्या वर, असे विचित्र चित्र दिसले. लिनक्सवरील लोडच्या आकड्यात प्रोसेसरसाठी थांबलेल्या कामांबरोबर डिस्कच्या उत्तराची वाट पाहत अडकलेली कामेही धरली जातात. विंडोजच्या टास्क मॅनेजरमध्ये याला थेट समांतर आकडा नाही. टॉपच्या वरच्या भागातील 'डब्ल्यूए' हा आकडा, म्हणजे प्रोसेसरचा डिस्कची वाट पाहण्यात गेलेला वेळ, मोठा असेल, तर बोट डिस्ककडे दाखवावे. टास्क मॅनेजरच्या डिस्क-टक्क्यांच्या सर्वांत जवळचे उत्तर सिसस्टॅट या संचातील आयओस्टॅट देते आणि कोणता प्रोग्राम डिस्क वापरतो आहे ते आयओटॉप सांगते. शेवटी डिस्कची तब्येत सांगणारी स्मार्टसीटीएल ही आज्ञा चालवल्यावर वाचता न आलेल्या, प्रलंबित सेक्टरांची (डिस्कवरील छोट्या कप्प्यांची) संख्या शून्य नसल्याचे दिसले. ज्यांना विंडोजवर क्रिस्टलडिस्कइन्फोची सवय आहे, त्यांना मिंटमधील 'डिस्क्स' या प्रोग्रामच्या मेनूतही हीच 'स्मार्ट' माहिती, म्हणजे डिस्कने स्वतःच्या तब्येतीची ठेवलेली नोंद, मिळेल. त्या दिवशी आधी सगळ्या नोंदींची प्रत बाहेर काढली आणि मगच नवी एसएसडी बसवली.

दोंडाईच्यात जिनिंगमधील वजनकाट्याचा संगणक होता. हंगाम सरला होता, तरी कॅबिनेट उघडताच पंख्याच्या पात्यांवर रुईचा थर दिसला. बाहेर चाळीस अंशांच्या वरचे ऊन असताना अशा यंत्राचे तापमान पाहणे अनिवार्यच आहे. विंडोजवर तापमान दाखवणाऱ्या एचडब्ल्यूइन्फोच्या जागी इथे एलएम-सेन्सर्स हा संच घ्यावा, यंत्रातील तापमापक शोधणारी सेन्सर्स-डिटेक्ट ही आज्ञा एकदा चालवून त्याच्या प्रश्नांना सुचवलेलीच उत्तरे द्यावीत आणि मग सेन्सर्स ही आज्ञा द्यावी. इंटेलच्या प्रोसेसरवर प्रत्येक गाभ्याच्या (कोअरच्या) तापमानाशेजारी कंसात त्याची धोक्याची मर्यादाही दिसते, त्यामुळे वेगळे कोष्टक पाहावे लागत नाही. इथे आकडा त्या मर्यादेला जवळजवळ टेकला होता, म्हणजे प्रोसेसर स्वतःला वाचवण्यासाठी वेग कमी करत होता. ब्रशने रुई काढून प्रोसेसरची उष्णता बाहेर नेणारी नवी थर्मल पेस्ट लावल्यावर तापमान बरेच खाली आले. या भागात कापसाच्या किंवा पिठाच्या धुळीजवळ ठेवलेला संगणक हाती आला, तर कार्यप्रणाली बदलण्याआधी पंखा पाहावा, ही माझी विनंती आहे.

शहाद्याला कृषी सेवा केंद्रातील दादांनी मला मेमरीचा आकडा दाखवून काळजीने विचारले, "भाऊ, आठ जीबीमधली जवळजवळ सगळीच भरली की हो?" मेमरीचा हिशेब दाखवणाऱ्या फ्री या आज्ञेतील 'फ्री' हा स्तंभ लहान दिसतो, कारण लिनक्स रिकामी मेमरी फाइलींच्या कॅशसाठी (अलीकडे वाचलेल्या फाइली हाताशी ठेवण्यासाठी) वापरते आणि गरज पडताच सोडून देते. पाहायचा तो 'अव्हेलेबल' हा स्तंभ, आणि तो त्यांच्याकडे भरपूर होता. टॉपचेच अधिक सुटसुटीत रूप असलेल्या एचटॉपमध्ये एखाद्या प्रोग्रामने प्रोसेसरचा २०० टक्के वापर केलेला दिसला तरी घाबरू नये. तिथे एक पूर्ण गाभा म्हणजे १०० टक्के असे गणित असते, तर टास्क मॅनेजर सगळे गाभे मिळून १०० धरतो. टॉपमध्ये मोठा आय (शिफ्टसह I) दाबला की तसेच, विंडोजसारखे प्रमाण दिसते.

केंद्राचे इंटरनेट मोबाइलच्या हॉटस्पॉटवर चालत असल्याने डेटा कोण खातो हे कळणे त्यांना फार गरजेचे होते. विंडोजच्या रिसोर्स मॉनिटरमधील नेटवर्कच्या पानाची जागा नेटहॉग्ज चांगली भरून काढतो. तो प्रोग्रामनिहाय वेग दाखवतो, फक्त आज्ञेआधी सुडो लावून, म्हणजे प्रशासकाच्या अधिकाराने, चालवावा लागतो. संगणकातील घडामोडींच्या व चुकांच्या नोंदी दाखवणाऱ्या विंडोजच्या इव्हेंट व्ह्यूअरच्या जागी जर्नलसीटीएल आहे. त्याबद्दल एवढेच पुरे, कारण रोजच्या कामात त्याची क्वचितच गरज पडते.

ज्यांना आज्ञा टाइप करायच्या नाहीत, त्यांच्यासाठी मिंटचा सिस्टम मॉनिटर पुरेसा आहे. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप या कळा कीबोर्डच्या सेटिंगमधून त्याला जोडून दिल्या की बोटांची जुनी सवय मोडावी लागत नाही. मी प्रत्येक यंत्रावर हे करूनच उठलो. या मार्गाने जाणार असाल, तर उन्हाळ्यात सकाळची गाडी धरावी आणि एचटॉप, एलएम-सेन्सर्स, स्मार्टमॉनटूल्स (यातच स्मार्टसीटीएल येते), सिसस्टॅट, आयओटॉप व नेटहॉग्ज ही पॅकेजेस मिंटच्या त्याच आवृत्तीसाठी घरूनच उतरवून पेनड्राइव्हवर घ्यावीत.